चुलीच्या देवासमोरचे तीन दिवस

लुओ यिनदीला खोटं बोलता येत नाही, हे सोयासॉसच्या कारखान्यात दरवानापासून मुकादमापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. रांजणातल्या सोयाबीनवर बुरशी नीट धरली नसेल, तर बाकीच्या बायका "धरेल हो उद्यापरवा" म्हणत पुढे सरकायच्या. यिनदी मुकादमाला हाताला धरून आणायची आणि वर सांगायची, "काल झाकण मीच उघडं ठेवलं होतं."

मुकादम कपाळावर हात मारायचा. "अगं बाई, मी विचारलं का तुला?"

अशा मुलीवर फान बोनियनचा जीव जडावा यात नवल नव्हतं. तो स्वतः निम्म्या गोष्टी पोटात ठेवणारा. कालव्यातून येणाऱ्या मालाच्या होडीवर इंजिन सांभाळायचा आणि धक्क्यावर कारखान्याच्या रिकाम्या बरण्या उतरवून द्यायचा. यिनदी प्रत्येक बरणी बोटाने वाजवून घ्यायची. चिरलेली बरणी बद्द वाजते.

"ही बद्द वाजते."

"कुठे बद्द? तुझे कानच बद्द झालेत."

"परत ने."

"नेतो की. बरणी नेतो, तुलाही नेतो. होडीत जागा आहे."

धक्क्यावरच्या बायका पदर नसतानाही पदर तोंडात कोंबल्यासारख्या हसायच्या. यिनदी मान वर न करता पुढची बरणी वाजवायची. तिचे कान मात्र लालबुंद झालेले असायचे, आणि ते पाहायला मिळावेत म्हणूनच बोनियन रोज एखादी चिरलेली बरणी वर ठेवतो, असं मुकादमाचं म्हणणं होतं.

वर्षभर हे चाललं. मग बोनियनच्या आईने रुआन काकूंना गाठलं. आमच्या शाओशिंगच्या बाजूला सोयरीक जुळवायची तर मध्ये असं कुणीतरी लागतंच, मग मुलगामुलगी एकमेकांना रोज का बघत असेनात. रुआन काकू दोन्ही घरांत तांदळाची दारू प्यायल्या, दोन्ही घरांत मुलामुलीची स्तुती केली, आणि दोन्हीकडच्या जन्मवेळा लाल कागदांवर लिहून त्यांची अदलाबदल केली. बोनियनचा कागद यिनदीच्या घरी आला, यिनदीचा त्याच्या घरी गेला. आता दोन्ही घरी कागद चुलीच्या देवासमोर, उदबत्तीच्या भांड्याखाली, तीन दिवस राहायचा. त्या तीन दिवसांत घरात काही फुटलं नाही, भांडण झालं नाही, कोंबडं-डुक्कर मेलं नाही, तर दैवाचा होकार. मग पुढचं बोलणं.

चुलीचा देव तेव्हा नुकताच स्वयंपाकघरात परत आला होता. मधल्या वर्षांत सरकारने देवधर्म बंद पाडला होता, तेव्हा त्याचं चित्र भिंतीवर लावायची कुणाची छाती नव्हती. यिनदी त्याच वर्षांत वाढली. त्यामुळे तीन दिवसांची रीत तिने ऐकली होती, पण घडताना पाहिली नव्हती. रीत सांगतात ती वेगळी आणि पाळतात ती वेगळी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी सांगायच्या नसतात. मोठ्या बायकांच्या मागे मागे वावरून त्या आपोआप कळायच्या असतात.

पहिले दोन दिवस ती घरात मांजरीच्या पावलांनी चालली. वहिनीने मुद्दाम हातातलं झाकण खाली आपटल्यासारखं केलं की हिचा श्वास अडकायचा.

"मेली बघ कशी पांढरी पडली!" वहिनी म्हणायची. "आणि परवापर्यंत काय म्हणत होतीस, मला काही घाई नाही?"

तिसऱ्या दिवशी सकाळी आई बाजारात आणि वहिनी कालव्यावर कपडे धुवायला गेली होती. यिनदी पेजेचे वाडगे धूत होती. हात ओले होते, मन होडीवर होतं. एक वाडगा निसटला आणि फरशीवर त्याचे तुकडे झाले.

घरात कुणी नव्हतं. चुलीत राख होती, दाराबाहेर कालवा होता. तुकडे कुठेही गेले असते. हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. पण त्याच्या मागोमाग दुसरा आला. बोनियनचं काम इंजिनाशी आणि पाण्याशी. दैवाने नको म्हटलेलं असताना आपण तुकडे लपवले, आणि उद्या तो पाण्यात पडला तर? तिने तुकडे गोळा केले आणि ओट्यावर, सगळ्यांना दिसतील असे मांडून ठेवले.

आईने आल्यावर ते पाहिले. मग लेकीकडे पाहिलं. "कुणी फोडला?"

"माझ्या हातून फुटला."

"आणि इथे कुणी ठेवला?"

"मीच."

आई पिशवीतले मुळे काढत राहिली. "बरं," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी रुआन काकू आल्या त्या हसतच. खुर्चीवर टेकायच्या आत यिनदीनेच सांगून टाकलं, "काकू, आज सकाळी वाडगा फुटला."

काकूंचं हसू ओठांवरच राहिलं. "फुटला? नक्की?"

"हो. मीच धूत होते."

"पोरी, नीट विचार करून सांग. खरंच फुटला म्हणतेस?"

"खरंच. हे काय, तुकडे आहेत ना!"

रुआन काकूंनी आईकडे पाहिलं. आईने चहाच्या पेल्याकडे पाहिलं. "समजलं," काकू म्हणाल्या, आणि उदबत्तीच्या भांड्याखालचा कागद काढून त्यांनी तो घडी करून कोटात ठेवला.

यिनदीला वाटलं, आता काहीतरी उपाय काढतील. देवळात विचारतील, चांगला दिवस पाहून कागद पुन्हा ठेवतील. बोनियन धक्क्यावर येऊन म्हणेल, एका वाडग्यासाठी काय घेऊन बसलीस? ती वाट पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी होडी आली. बरण्या उतरवायला दुसराच माणूस होता, आणि त्याने आणलेल्या बरण्यांत एकही बद्द वाजली नाही.

गावाने चार अक्षरांत निकाल दिला. आमच्या चिनी लिपीत हे चार अक्षरी बोल फार सोयीचे. लग्नाच्या दारावर लाल कागदावर लावायचा असतो तो म्हणजे 'आभाळाने जोडलेला जोडा'. आणि लग्न झालं नाही की म्हणायचं, 'गाठ आहे, वाटा नाही'. दोघं भेटली ती मागच्या जन्माची गाठ. एकत्र राहणं हा वाटा, तो निराळा मोजून येतो, आणि यांच्या पानात तो पडला नव्हता. ऐकायला गोड. कुणाचा दोष निघत नाही, कुणाला काही विचारावं लागत नाही. कारखान्यातल्या बायकांनी पाठीवरून हात फिरवत तेच म्हटलं, मुकादमाने तेच म्हटलं, आणि यिनदीनेही तेच म्हणायला सुरुवात केली. नववर्षानंतर बोनियनचं लग्न वरच्या अंगाच्या एका गावातल्या मुलीशी झालं.

त्याच्या पुढच्या शरद ऋतूत वहिनीच्या धाकट्या बहिणीची सोयरीक निघाली. मुलीची आई आजारी, म्हणून कागद यिनदीच्या घरी ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी वहिनीच्या हातून व्हिनेगरची बाटली फुटली. सगळ्या घरात आंबट वास. वहिनीने झाडू घेतला, तुकडे चुलीच्या राखेत लोटले, खिडकी उघडली आणि गाणं गुणगुणत पुन्हा भाजी चिरायला बसली.

"वहिनी! सांगणार नाहीस?"

"काय सांगू? व्हिनेगर महाग झालंय म्हणून?"

"बाटली फुटली ना!"

"मग? मुलगा चांगला आहे, तिला आवडलाय. नको असता तर सांगितलं असतं." वहिनी हसली. "मुलाकडच्यांच्या तोंडावर नाही म्हणायचं नसतं गं, म्हणून तर भांडं फुटतं. मागे तुला नको होता तेव्हा तूही..." आणि यिनदीच्या चेहऱ्याकडे पाहून तिचं बोलणं थांबलं. हातातली सुरीही थांबली. "यिनदी? तुला हवा होता?"

यिनदी दारात बसली. आत येऊन आईनेही ऐकलं आणि तीही खाली बसली. "मला वाटलं, होडीवरचा माणूस तुझ्या मनातून उतरला," आई म्हणाली. "तू तुकडे मांडून ठेवलेस. मी म्हटलं, पोरीला नको तर नको, मी कशाला भरीस घालू? तू काकूंना सांगितलंस, तेव्हा काकूंनी किती वेळा विचारलं तुला!"

"मला वाटलं, फुटला की नाही ते विचारतायत."

त्या दिवशी घरात भाजी करपली आणि ती कुणी टाकूनही दिली नाही.

बोनियनच्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. आता जाऊन काय सांगणार? यिनदी गेली नाही. तिशीला टेकल्यावर तिने शाळेत स्वयंपाक करणाऱ्या एका बिजवराशी लग्न केलं. माणूस भला होता, हे न सांगणं अन्यायाचं होईल. थंडीत तो आधी उठून पाणी तापवायचा; तिने केलेलं बिघडलं तरी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा. दारावर लाल कागद लागला होता, आभाळाने जोडलेला जोडा. यिनदीने त्याच्याशी संसार नीट केला. फक्त कधीकधी पाणी तापल्याचा आवाज ऐकत अंथरुणात पडल्या पडल्या तिला वाटायचं, की हे सगळं कुणा दुसरीचं आहे आणि आपण ते सांभाळायला बसलोय. नवरा गेला तेव्हा ती खूप रडली. त्यातलं थोडं रडणं त्याच्यावर आपण केलेल्या त्या छुप्या अन्यायासाठी होतं.

कारखाना बंद झाल्यावर तिने गल्लीच्या तोंडाशी खारवून वाळवलेल्या मोहरीच्या पाल्याचं छोटं दुकान टाकलं. बोनियनही म्हातारा झाला, होडी सुटली, बायको गेली. एका वसंतात तो दुकानासमोर येऊन उभा राहिला आणि पाल्याची जुडी नाकाला लावून म्हणाला, "वास कमी आहे."

"तुझं नाक बद्द झालंय," यिनदी म्हणाली.

तेव्हापासून तो रोज येई. बांबूच्या खुर्चीवर चहाची बाटली घेऊन बसे, गिऱ्हाइकांना नको ते सल्ले देई. एकदा पावसात गिऱ्हाईक नसताना त्याने सहज विचारलं, "त्या वेळी होडीचं काम नको होतं का तुला? घरी रोज येणारा माणूस हवा होता?"

यिनदीने मग सगळं सांगितलं. वाडगा, पाण्यात पडण्याची भीती, वहिनीची व्हिनेगरची बाटली. बोनियन ऐकत राहिला. आधी हसला, आणि हसू मध्येच कुठेतरी हरवलं.

"आमच्याकडे पहिल्याच दिवशी मांजराने तेलाची बरणी पाडली होती," तो म्हणाला. "आणि दुसऱ्या दिवशी आईबाबांचं असं कडाक्याचं भांडण झालं, की शेजारी सोडवायला आले. आईने शेजाऱ्यांना तांदळाच्या वड्या देऊन तोंडं बंद केली. आम्ही म्हटलं, इकडे एवढं झालं तरी आम्ही गप्प, आणि तिकडे एक वाडगा फुटला तर लगेच सांगून मोकळे. म्हणजे पोरीला नकोच असणार." त्याने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "मी येऊन विचारायला हवं होतं. नाही म्हणाली असतीस तर काय, कानच लाल झाले असते."

त्यानंतर तो येताना सोबत जेवणाचा डबा आणू लागला, आणि संध्याकाळ झाली तरी उठेनासा झाला.

पुढच्या शरदात त्याच्या मुलाने निंगबोहून निरोप धाडला, बाबा, आता एकटे राहू नका, इकडे या. बोनियनने ते यिनदीला सांगितलं आणि चहाच्या बाटलीकडे बघत विचारलं, "तुझं काय मत?"

हा प्रश्न कसला आहे ते यिनदीला कळलं. आता तिला अशा प्रश्नांतलं सगळं कळत होतं. तरी तिच्या तोंडून निघालं ते हेच, "मुलगा बोलावतोय. नातू आहे. बापाने जायलाच हवं." कुणीही भल्या बाईने म्हणावं तेच.

"हं," बोनियन म्हणाला. "तेही खरंच."

आठवड्याभरात घर बंद झालं. जायच्या सकाळी मुलाची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, पिशव्या आत गेल्या, आणि बोनियन निरोप घ्यायला दुकानावर आला. बांबूच्या चटईवर वाळत घातलेला पाला बाजूला सारून तो तिथेच टेकला.

यिनदीने हातातली जुडी खाली ठेवली. "त्या दिवशी तू विचारलंस ना, तेव्हा मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मला तू इथे हवा आहेस. रोज हवा आहेस."

बोनियनने मान वर केली. त्याचे डोळे एवढे भरून आलेले तिने कधी पाहिले नव्हते. "आयुष्यात एकदाच खोटं बोललीस," तो म्हणाला, "आणि तेही नेमकं कुठे!"

"राहशील?"

त्याने गाडीकडे पाहिलं. मुलगा बाहेर येऊन उभा होता. त्याने ऐकलं होतं की नाही कोण जाणे, पण गाडीचं इंजिन बंद करून तो कालव्याकडे तोंड करून उभा राहिला होता. "सून परवापासून कामावर रुजू होतेय," बोनियन म्हणाला. "पोराला शाळेत न्यायचं-आणायचं मी कबूल केलंय. खोली रंगवलीय त्यांनी. मी हो म्हटलं यिनदी, तू म्हणालीस म्हणून."

"मला माहीत आहे."

"वसंतात येईन, चिंगमिंगला. कबरी झाडायला."

"ये."

मुलगा जवळ आला आणि हलकेच म्हणाला, "बाबा, ऊन चढेल." बोनियन गुडघ्यावर हात ठेवून उठला. चटईवर बसल्यामुळे त्याच्या कोटाला मागून पाल्याची चुरी लागली होती. त्याला ती दिसत नव्हती. यिनदी पुढे झाली आणि तिने हाताने ती झाडली, खांद्यापासून खालपर्यंत, एकदा, मग पुन्हा, चुरी सगळी निघाली तरी आणखी एकदा. इतक्या वर्षांत तिने त्याला हात लावला तो हाच. तो न हलता उभा राहिला, झाडून होईपर्यंत.