कारगिलला न गेलेला हवालदार

सातपाटीत तांडेलाच्या घरी जन्मलेल्या मुलाला बोट लागते, ही गोष्ट त्या घराने पुष्कळ वर्षं दाबून ठेवली होती. चिंतू तांडेल स्वतःच्या बोटीचा धनी, आणि त्याचा थोरला देवू खाडीचं तोंड ओलांडायच्या आत पोटातलं सगळं दर्याला वाहून मोकळा व्हायचा. बापाने तीन हंगाम वाट पाहिली. चौथा यायच्या आत देवूने भरतीची रांग गाठली आणि तो सैन्यात लागला. गावात सांगितलं गेलं, चिंतूचा पोरगा देशासाठी गेला.

सुगंधाला खरं कारण लग्नाच्या आठवड्यातच कळलं. नव्या जोडप्याला नातेवाइकांनी होडीतून पलीकडे मुरब्याला नेलं. खाडी ती केवढी, पण जवानाने तिच्या शालूचा पदर कामाला लावला. तिने पदर खाडीतच धुतला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

सैन्यात देवू लांगरी होता, म्हणजे स्वयंपाकी. चोवीस वर्षं त्याने डाळ ढवळली, पुऱ्या लाटल्या, पोतीच्या पोती बटाटे सोलले आणि हवालदार होऊन घरी आला. बंदुकीला हात लावला नाही असं नाही. वर्षातून एकदा नेमबाजी व्हायची. त्याची गोळी कुठे जायची ते सांगायला मात्र कोणी पुढे यायचं नाही.

घरी येताना त्याने एक लोखंडी ट्रंक आणि एक शिट्टी आणली. ट्रंकेचा त्रास नव्हता. शिट्टी पहाटे साडेपाचला वाजायची आणि घरातल्यांची हजेरी व्हायची. रूपेश आणि हिमानी, दोन्ही मुलं डोळे चोळत ओटीवर उभी राहायची. सुगंधा त्या वेळी बंदरावर विकायची मासळी घ्यायला गेलेली असायची, तेव्हा तिचं नाव पुकारून हवालदार स्वतःच उत्तर द्यायचा, "कामावर."

मग बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकलच्या कारखान्यात त्याला गेटवर नोकरी लागली. पास नाही तर आत नाही, एवढंच त्याला ठाऊक. पहिल्याच महिन्यात त्याने मालकाला दोनदा अडवलं. तिसऱ्यांदा मालक पास घेऊन आला, तर त्यावर फोटो नव्हता. दुसऱ्या दिवसापासून देवूला मागचं गेट मिळालं, जिथून फक्त रिकामी पिंपं जायची. त्याने ते बढती समजून बारा वर्षं राखलं. पिंपांनाही तो पास मागायचा, असं तिथले कामगार सांगतात.

कुटुंबावर त्याचा जीव होता, यात शंका नाही. तो इतका होता की कुटुंबाला श्वास घ्यायला जागा उरत नसे. हिमानी पालघरला कॉलेजात जायची तेव्हा स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी हा त्याच रिक्षात पुढे बसायचा आणि कॉलेज सुटेपर्यंत गेटसमोर उभा. गेटवर उभं राहायचा सराव होताच.

तिला मागणी घालायला पालघरजवळच्या माहीमचा धीरज आला, तेव्हा चहा व्हायच्या आधीच हवालदाराने बादली मागवली.

"पाय भिजव आणि लादीवर चाल," तो धीरजला म्हणाला.

धीरज बिचारा चालला. लादीवर पावलांचे अख्खेच्या अख्खे ठसे उमटले. हवालदाराने वाकून पाहिले आणि मान हलवली. "सपाट तळवे. भरतीत पहिल्याच दिवशी घरी पाठवतात."

"पप्पा, आमाला लडाईला नाय जायचं," हिमानी म्हणाली. "लगीन करायचं हाय."

"चालणं दोन्हीत असतं," हवालदार म्हणाला.

सुगंधा आतून आली, लादी पुसून घेतली आणि लग्न ठरवून टाकलं. पण त्यानंतर कित्येक रविवार हवालदार जावयाला किनाऱ्याच्या वाळूत चवड्यांवर चालवत होता. तळवे होते तसेच राहिले. धीरजच्या पोटऱ्या मात्र दगडासारख्या झाल्या.

सुगंधाचा पाय मोडला त्या साली देवूने अडीच महिने स्वयंपाक केला. त्याला चार माणसांचा अंदाजच येईना. हात पातेल्यावर गेला की पलटणीला पुरेल एवढी डाळ नाहीतर राजमा व्हायचा. अख्खी आळी राजमा खाऊन कंटाळली. सुगंधाच्या डोक्याला तेल तो स्वतः लावायचा, आणि तेही इतकं, की उशी पिळावी लागे. "कमी लावा की," ती म्हणायची. "शिधा आखडता घ्यायचा नसतो," तो म्हणायचा. त्या दिवसांत ती वैतागली खूप, पण पाय बरा झाल्याचं तिने त्याला आठ दिवस उशिराच सांगितलं.

गेल्या वर्षी एका दुपारी जेवून तो आडवा झाला तो उठलाच नाही. कोणाला काही करायला न लावता गेला. आयुष्यात त्याने घरच्यांना दिलेली ती एकमेव मोकळीक.

शोकसभा भरवली मिथुनशेठने. त्याला येत्या निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि गावात त्या महिन्यात दुसरं कोणी गेलेलं नव्हतं. फलकावर ठळक अक्षरं, 'कारगिलचा शूरवीर'. खाली देवूचा फोटो, हातात रायफल. शेजारी मिथुनशेठचा फोटो, देवूच्या दुप्पट. एकामागून एक वक्ते उठले. कोणी त्याला शिखरावर चढवलं, कोणी बर्फात निजवलं. एकाने तर जखमही दिली, डाव्या खांद्याला.

शेवटी सुगंधाला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माईक न घेताच उभी राहिली.

"त्या साली ते झाशीला होते," ती म्हणाली. "चारशे माणसांची डाळ करत. ह्या फोटोत हातात बंदूक नव्हती, डाळ ढवळायचा डाव होता. तो तुमी पुसला नि ही चिकटवली. खांद्याला काय झालं नव्हतं, मी रोज बघत होते."

मिथुनशेठ पुढे झुकून हळूच म्हणाला, "वयनी, लोकांच्या भावना असतात."

"चारशे माणसं जेवली, ते काय कमी हाय?" सुगंधाने विचारलं. मग ती खाली बसली. लोकांनी अर्थ न कळूनही टाळ्या वाजवल्या, आणि मिथुनशेठने दोन मिनिटं मौन जाहीर केलं, बहुधा तिच्यासाठीच.

महिन्याभरात नाक्यावर पाटी लागली : कारगिलवीर देवू तांडेल चौक. सुगंधा ग्रामपंचायतीत गेली आणि म्हणाली, लावायचं तर लांगरी म्हणून लावा, नायतर काढा. टेबलामागच्या माणसाने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "काकी, आता रंग वाळला."

बाहेर हिमानी थांबली होती. "जाऊ दे ना आई. पप्पांना बरंच वाटलं असतं."

"नसतं वाटलं," सुगंधा म्हणाली. "त्यांनी सगळ्यात आधी पाटीकडं पास मागितला असता." आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला, तो बाजाराची रिक्षा समोर आली तरी काढला नाही. हिमानीनेच रिक्षा थांबवली आणि आईची बोंबलांची टोपली उचलून आत ठेवली.