वाजवणारी तीच होती

"पयले आवाज पाडा, मंग वायर लावा." कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी ती हे बजावायची आणि समोरचा कितीही मोठा असो, त्याचा हात बाजूला सारायची. माझाही सारला होता. मी वाशिममध्ये चाळीस वर्षं गाणं शिकवलेला मास्तर!

ती रिठदची, आयटीआय शिकलेली. तुम्हीही तिला मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत मान खाली घालून बसलेली पाहिलं असेल. तिनं विजेवर सूर काढणारा एक मॉड्युलर सिंथेसायझर स्वतः जुळवला होता. त्याला पट्ट्या नाहीत. नुसती बटणं आणि भोकं. वायर इकडची तिकडे खोचली की सूर बदलतो. त्या सिंथला तिला गिटारवाल्यांची, पायानं दाबून आवाज पालटायची जुनी पेडलं जोडायची होती. थेट जोडली की आवाज फाटायचा.

"सिंथ बोलते जोरानं, पेडलचे कान नाजूक," ती म्हणाली. "मधात कोनी समजदार पाह्यजे."

तो समजदार तिनं साबणाच्या डबीत बसवला. जाताना आवाज उतरवणारा, परतताना चढवणारा. मग तिनं एक सूर सोडला. पेडलांतून फिरून तो आला, तेव्हा खोल विहिरीतून कुणी ओ द्यावी तसा वाटला. मी म्हटलं, "पोरी, हे गाणंच आहे."

दोन महिन्यांनी ती वादन स्पर्धेत उतरली. मी परीक्षक होतो. माझा बासरी वाजवणारा शिष्य तिच्या मागे पडत होता. मी माइक घेतला. "हे आधीच टेप करून आणलेलं आहे. बाद."

ती रडली नाही. एकेक वायर उपटत गेली. दर वायरीला सूर पालटला, शेवटी विझला.

"सांगा सर, आता काय थांबलं? टेप का मी? तुमी तं पाह्यलं होतं नं!"

लोक हसले, तिलाच. मी खाली पाहिलं आणि शिष्याला पहिला नंबर दिला.

तीन वर्षांनी माफीचं पत्र घेऊन रिठदला गेलो. ती पुण्याला निघून गेली होती. तिच्या आईनं पत्र उघडलंही नाही.

"खोटं माइकवर बोलले, अन् खरं माह्या कानात सांगता काय मास्तर?"

म्हणून यंदाच्या स्पर्धेत मी उठलो. संयोजक कुजबुजले, "सर, जुनं कायले उकरून राह्यले?"

"ती वाजवत होती," मी माइकवर म्हणालो. "मला ठाऊक होतं. मी खोटं बोललो."

त्यांनी माइक बंद केला. करू द्या. गळा अजून शाबूत आहे. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं मी ते पुन्हा सांगितलं, तिचं पूर्ण नाव घेऊन.