माळावरच्या गाठी

नाईक दत्तू माझा बडी, म्हणजे पलटणीतला जोडीदार. मी हवालदार. पोस्टिंग उत्तर सीमेवर, घरं कोकणात, जिते गावाजवळच्या एकाच वाडीत. गणपतीला दोघांना दहा दिवसांची रजा मिळाली. ही त्या रजेची हकिकत. सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

आमच्या डोंगरावर मोकळा माळ आहे. भाद्रपदात गवत छातीपर्यंत येतं, त्यात धुकं, पायवाट दिसत नाही. म्हणून गुराखी प्रत्येक वळणावर गवताच्या पुंजक्याला गाठ मारून ठेवतात. गाठी बघत उतरायचं. गाठ चुकली तर पुढे कडा.

एके दिवशी १५०० वाजता, म्हणजे दुपारी तीनला, फार्महाऊसचा राखणदार धावत आला. सुट्टीला आलेले तिघं सकाळी माळावर गेले ते परतले नव्हते. राखणदारानं अडवलं, तर म्हणाले, मोबाईलमध्ये नकाशा आहे!

"जेवून जा रे," दत्तूची आई म्हणाली.

"आलोच गो आये."

१६४० ला माळावर वाट फुटते त्या फाट्यावर दोघं सापडले. कुडकुडत होते, तरी फोटो काढणं चालूच. तिसरा 'जरा पुढे' गेला होता. माझ्या तोंडात शिवी आली.

"तू यांना घेऊन उतर," दत्तू म्हणाला. "मी त्याला आणतो. गाठी हायत."

दोघांना पुढे घालून मी मागून निघालो. खाली येईपर्यंत त्यांना शिव्या हासडत होतो.

१८०० वाजले तरी दत्तू आला नाही. वाडीतली माणसं घेऊन मी परत चढलो. फाट्यावर तिसरा एकटाच बसला होता.

"ते म्हणाले, इथं गाठ असायला पाहिजे. मला थांबवून बघायला गेले."

दत्तू कड्याखाली मिळाला.

मी त्या तिसऱ्याच्या सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली. "गाठी तूच सोडल्यास! खेळ वाटला काय?" तो नाही नाही म्हणत रडत राहिला. मी ऐकलं नाही.

मी रजा वाढवून थांबलो होतो. बाराव्याला दत्तूच्या आईनं मला बाजूला घेतलं. ती माळावर जाऊन आली होती.

"त्याला उगाच मारलंस. फाट्यापासून खालच्या गाठी सुटल्यात. तुम्ही चढून गेल्यावर तिथं तो आलाच नव्हता. मागून चालत कोण होता?"

मी होतो. पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, शेवटच्या माणसाचं काम एकच, मागे खूण राहू द्यायची नाही. सोळा वर्षं मी तेच केलं. त्या दिवशी तोंड शिव्या देत होतं आणि हात आपलं काम करत होते. मला पत्ताही नव्हता.

दत्तू रजेवर असताना गेला, म्हणून पलटणीच्या स्मारकावर त्याचं नाव नाही. याचा मला संताप येतो. त्या तिघांचाही येतो. पण सगळ्यात जास्त या दोन हातांचा येतो.

आता मी निवृत्त आहे. दर भाद्रपदात माळावर जातो, वरपासून खालपर्यंत गाठी मारतो. फाट्यावरची दत्तूच्या नावानं. ती दोनदा ओढून बघतो, मगच उतरतो.