समुद्रातलं झाड

आईची कातडी आता इतकी पातळ झाली आहे की ओल्या पंच्यानं पुसलं तरी लाल होते. म्हणून दुकानात बराच वेळ चाचपून मी समुद्री स्पंज निवडला. पाण्यात बुडवताच तो फुगला, लोण्यासारखा मऊ झाला.

"कसलं रे हे?" पलंगावर बसल्या बसल्या आईनं विचारलं.

"समुद्रातलं झाड," मी म्हणालो. मलाही तसंच वाटत होतं.

दुपारी पाकीट नीट वाचलं. झाड कुठलं, तो प्राणी होता. माझ्या हाती होता तो त्याचा सांगाडा. जिनं जन्मभर घरात अंडं येऊ दिलं नाही, तिच्या पाठीवरून मी तो फिरवला होता.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. सांगावं, तर पुन्हा तो खरखरीत पंचा. न सांगावं, तर तिचा नेम मी परस्पर मोडतोय. तिच्या सुखासाठी का होईना, तो मोडणारा मी कोण?

आज अंग पुसून झाल्यावर आई डोळे मिटून म्हणाली, "किती बरं वाटतं रे. न्हाणीत नको टाकूस तो. झाडच आहे ना, तुळशीपाशी ठेव, ऊन लागेल."

मी तुळशीपाशी उभा आहे. मुठीतून पाणी ठिबकतंय, आणि मूठ काही उघडत नाही.