घरचा शंख

जोथम लीडबेटर अमेरिकेच्या आरमारात मरीन शिपाई झाला तो जग बघायला. हेरिंग मासळीच्या वासाला विटला होता बिचारा. आणि सरकारने त्याला धाडलं कुठे, तर आमच्याच पॅसामाक्वॉडीच्या खाडीत, बापाच्या दारासमोर! १८०८ साल ते. सरकारने परदेशाशी व्यापार बंद केलेला, म्हणून समोरच्या इंग्रजी बेटावर चोरून मैद्याची पिंपं नेणाऱ्या आपल्याच माणसांना धरायला ही चिमुकली गनबोट आली होती. नाकावर एक अवाढव्य तोफ, आणि तिच्यामागे जोथम. गळ्याला गणवेशाचा चामड्याचा ताठ पट्टा, मान खाली घालायचीही सोय नाही.

"पट्टा शोभतो हो तुला," त्याचा बाप ओबेड धक्क्यावर म्हणाला. "साखळी कुणाच्या हातात असते?"

"बाबा, पिंपं नेणं थांबवा ना."

"मग खाऊ काय? तुझा पट्टा?"

आमच्याकडे धुकं पडलं की होडीतला माणूस शंख फुंकतो. प्रत्येक घराची फुंक वेगळी. ऐकेल त्याने तीच फुंक परत द्यायची, म्हणजे चुकलेला त्या रोखाने येतो. वैर असलं तरी उत्तर चुकवत नाहीत.

त्या सकाळी धुक्यात समोरची तोफही दिसत नव्हती. बोटीचा कप्तान लेफ्टनंट टॅरंट दूर दक्षिणेतल्या व्हर्जिनियाचा, आमची शंखाची रीत त्याला ठाऊक नव्हती. त्याने बजावलं, "कोणी ब्र काढायचा नाही. सावज आपोआप येईल."

आणि शंख वाजला. दोन तोकड्या फुंका, एक लांब. लीडबेटरांची. पाण्याला ओहोटी लागली होती, आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा थोडा खाडीतल्या मोठ्या भोवऱ्याकडे सरकत होता, होड्या गिळणाऱ्या.

"साहेब, माझा बाप आहे तो. बोट तिकडे नेऊ या."

"भोवऱ्यात? या तोफेच्या वजनानेच आपण बुडू."

तेही खरंच होतं. गप्प राहावं तर बाप बुडणार, उत्तर द्यावं तर बाप पकडला जाणार. पुन्हा शंख वाजला, आता फार लांबून. जोथमने बोटीवरचा शंख उचलला आणि फुंकला. दोन तोकड्या, एक लांब.

होडी सरळ रेषेत आली. ओबेडला आधी तोफ दिसली, मग मुलगा.

"घरचा आवाज आला, म्हणून वळलो," एवढंच तो म्हणाला.

"शाबास!" टॅरंटने जोथमची पाठ थोपटली. "काय युक्ती काढलीस!"

जोथम ढसाढसा रडला. पट्ट्यामुळे मान वरच राहिली, सगळ्यांनी पाहिलं. होडी, मैदा, सगळं जप्त झालं.

गावाने त्याच्या नावाने शंख केला. नोकरी संपल्यावर तो पुन्हा मासळीला जाऊ लागला, पण धुक्यात त्याची फुंक ऐकून कोणी उत्तर देईना. खडकांवर आपटत, चाचपडत तो घरी यायचा. दारात बाप बसलेला असे. त्याने तरी उत्तर दिलं असतं का, हे जोथमला कधीच कळलं नाही. ओबेडचा शंख होडीबरोबरच गेला होता.