शेजारचे काका आणि विलायती युवराज

"आधी कोपरा बघ," असं म्हणत काका भिंग माझ्या हातात द्यायचे.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. काका मुलुंडच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहायचे आणि फोर्टातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. साहेब लोक सामान विकून विलायतेला गेले, तेव्हा काकांनी त्यांच्याकडून जुन्या इंग्रजी चित्रांचा एक गठ्ठा आणला होता. सगळी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, राजेरजवाड्यांची टिंगल करणारी.

त्यातल्या एकात युवराज गुडघा टेकून परदेशी राजकन्येला मागणी घालत होता. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही माझ्याप्रमाणे आधी तिचा झगाच पाहिला असता. काका भिंग सरकवायचे. पडद्याआडून दोन प्रधान युवराजाला ढकलत होते. एकाच्या काखेत नकाशा.

"लग्न ह्यांना हवंय गं, त्याला नाही," म्हणून काका पोट धरून हसायचे.

मी मॅट्रिक झाले आणि घाटकोपरची मंडळी मला बघायला आली. मोठं माणूस म्हणून बाबांनी काकांना बोलावलं. मुलाच्या नोकरीपासून आवडीनिवडींपर्यंत सगळं त्याच्या मामांनीच सांगितलं. मुलगा पोह्यांच्या बशीतून मान वर करेना. बाबा खूश होते. काकांनी मात्र पान खायच्या निमित्तानं मुलाला गॅलरीत नेलं.

मंडळी गेल्यावर ते बाबांना म्हणाले, "मुलाचं मन दुसरीकडे आहे. मी विचारलं, त्यानं सांगितलं."

बाबा भडकले. चांगलं स्थळ घालवलंत, तुम्हाला कुणी चौकशी करायला सांगितली होती, असं बरंच बोलले. काका मान खाली घालून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी बाबांनी नकार कळवला, पण काकांशी बोलणंही टाकलं. आईनं गुपचूप माझ्या हाती काकांकडे वाटीभर शिरा धाडला.

"तुला राग आला का गं?" काकांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. खरं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं.

वर्षभरात मी शाळेत शिकवू लागले. काका निवृत्त झाले, आणि त्यांचा मुलगा त्यांना नागपूरला न्यायला आला. दारात टांगा लागला. कुणी सांगितलं नसताना बाबा बाहेर आले, त्यांनी काकांची ट्रंक उचलून टांग्यात ठेवली.

"आता आमच्या धाकटीच्या वेळी कोण हो?" बाबा म्हणाले.

काकांनी चष्मा काढून पुसला. "पत्र टाका. येईन."

टांगा वळला तरी बाबा फाटकाशी उभेच होते. मग मला म्हणाले, "नागपूरचा पत्ता नीट लिहून घेतलास ना?"