होडीवरचं ठिगळ

हसनचाचा काम तपासताना डोळे मिटून घ्यायचे. घासून तयार झालेल्या नमुन्यावरून डावा तळवा हळूहळू फिरवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. हात थांबला की तिथे खडूची खूण. "डोला झूठ बोलतो, मास्तर. हाताला झूठ येत न्हाय," म्हणायचे. मी भिवंडीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो; डोळ्यांवरच माझं पोट. मला हे झोंबायचं. पण खूण केलेल्या जागी दर वेळी खड्डा निघायचाच.

चाचा मूळचे होड्या बांधणारे सुतार. ऐंशीच्या दशकात खाडीवरचं लाकडी काम आटलं, तेव्हा पन्नाशीतला हा माणूस मुंबईला जाऊन फायबरचं काम शिकून आला. खाडीकाठच्या शेडमध्ये टाक्या, कूलरची झाकणं, काय वाट्टेल ते बनवायचे. मी स्कूटरचं फुटकं मडगार्ड घेऊन गेलो आणि त्या कामाच्या नादालाच लागलो. आधी वस्तूचा नमुना करायचा, साचा चिकटू नये म्हणून त्यावर मेण चढवायचं, वरून रेझिन आणि काचेच्या धाग्यांची चटई थापून साचा काढायचा. मग त्या साच्यातून हव्या तेवढ्या वस्तू. "नमुना नीट घासा," चाचा बजावायचे, "त्याची खोट समद्या पोरांना लागते."

आजूबाजूला सगळे कापडाचे यंत्रमागच. त्यांचं तूस हवेत तरंगायचं आणि ओल्या रेझिनवर येऊन बसायचं. म्हणून साच्याचं काम चाचा मागांच्या सुट्टीच्या दिवशीच काढत.

एका वर्षी खाडीतल्या चार मासेमारांनी फायबरच्या होड्या मागितल्या. नमुना म्हणून चाचांनी स्वतःच्या वडिलांची होडी काढली. वडिलांनी बांधलेली ती शेवटची. कित्येक वर्षांत पाण्यात गेली नव्हती, तरी चाचा तिला दर वर्षी तेल पाजायचे. नाळेजवळ, होडीच्या पुढच्या टोकाला, वडिलांनीच मारलेलं पत्र्याचं एक ठिगळ होतं. मला ते खुपलं.

"काढून टाकू या, चाचा. समद्या पोरांना खोट लागेल," मी त्यांचंच त्यांना ऐकवलं.

"ती खोट न्हाय. माझ्या बापाचा हात हाय तो." त्यांनी ठिगळाच्या कडांना लांबीचा लगदा भरून उतार दिला, बस्स.

दिवाळीची सुट्टी होती, म्हणून मेणाचं काम मी मागून घेतलं. मेणाचा एक हात द्यायचा, तासभर वाळू द्यायचं, पुसायचं, मग दुसरा. असे सात हात. पण त्या दिवशी दुपार झाली तरी तीनच झाले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माग सुरू होणार होते. चाचा नमाजाला गेले होते. मी उरलेले चार हात एकामागून एक उरकून टाकले. ओल्या मेणावर मेण चोळलं की खालचंही निघून येतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"सात झाले?" चाचांनी आल्यावर विचारलं.

"झाले."

त्यांनी सवयीने तळवा उचलला. माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली घेतला. "चला मग, रेझिन कालवा."

चार दिवसांनी साचा सुटेना. पाचरी ठोकल्या, फटीत पाणी सोडलं, लाकडी मोगरीने ठोकून पाहिलं. दिवस गेला. आता होडी आणि साचा, दोन्हींतलं एकच वाचणार होतं. "चाचा, मी थांबलो नाही. शेवटचे चार हात घाईत मारले," मी सांगून टाकलं.

त्यांनी मोगरी खाली ठेवली. मग म्हणाले, "चूक माझी पन हाय. हात न्हाय फिरवला. मास्तर सांगतात, मग कशाला, म्हटलं."

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. चाचा उठले आणि करवत घेऊन आले. "होडी एकच हाय. साच्यावर चार घरांच्या चुली हायत." त्यांनी आतून होडीची एकेक फळी कापली. मला करवतीला हात लावू दिला नाही. मी बाहेर जाऊन रडलो.

पुढे पंधरा दिवस चिकटलेलं लाकूड घासून काढत होतो. त्यावरून ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या कामाला मेणाचा डबा पुन्हा माझ्याच हातात दिला. मात्र तळवा फिरवायला विसरले नाहीत.

नव्वदच्या दशकात चाचा गेले. त्यानंतर कधीतरी मी खाडीवर गेलो, तर काठावर त्या साच्यातली एक होडी उपडी घातलेली. मी डोळे मिटले, नाळेजवळ तळवा फिरवला. ठिगळ लगेच सापडलं.

होडीचा मालक, तरुण पोरगा, हसला. "साच्याची खोट हाय ती, काका. पॉलिश पेपर मारनार हाय, जाईल."

"मारू नकोस," मी म्हणालो. आणि तिथेच वाळूत बसून त्याला चाचांच्या वडिलांच्या होडीची गोष्ट सांगितली. मेण कोणी लावलं होतं, तेही सांगितलं.